झेपेल तेवढा व्यायाम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यायामावर बोलायला मला उभे केलेले पाहून तुमच्यापैकी काहीजणींना हसू आले असेल. साहजिकच आहे. गेल्या वर्षी याच दिवशी संगीत खुर्चीचा खेळ चालला होता तेव्हा मी भिंतीला टेकून बसून राहिले होते. रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत फिरायला जाते तेव्हाही तुम्ही मला पाहता. देवळाशी पोचले की मी पारावर बसते. तुम्ही दोन-दोन फेऱ्या मारून परत येता आणि जाता जाता विचारता, "काय हो, एवढ्यातच दमलात?"

तर त्याचे उत्तर आज देते. दमले नाही, म्हणूनच बसले. दमल्यावर बसून माझ्यासारखीचा काही उपयोग होत नाही. हे शिकायला मला बरीच वर्षे लागली, आणि माझे शिकणे अर्धवट असताना एका माणसाला त्याचा त्रास झाला. तेही सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. दुखणे अंगावर वागवून जे कळले आणि जाणकारांना विचारून जे पडताळून घेतले, तेवढेच माझ्याजवळ आहे.

माझे दुखणे २०१२ साली सुरू झाले. आधी मान आणि खांदे, मग कंबर, मग दोन्ही मांड्या. सकाळी उठावे तर रात्रभर कोणी बडवून काढल्यासारखे अंग. आठ तास झोपूनही झोप झाली असे वाटत नसे. बांगडी घट्ट बसली तरी मनगट ठणके. बोलता बोलता साधा शब्द आठवत नसे. डब्याला "ते झाकणाचे" म्हणायची पाळी येई. क्ष-किरण काढले, रक्त तपासले, सारे स्वच्छ! एका डॉक्टरांनी सांगितले, "तुम्हाला काहीही झालेले नाही." हे वाक्य त्यांनी धीर द्यायला उच्चारले असेल, पण घरात त्याचा अर्थ निराळा झाला. काही झालेले नाही, तर मग बाई झोपून का?

दोन वर्षांनी एका संधिवाततज्ज्ञांनी या दुखण्याला नाव दिले, फायब्रोमायल्जिया. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांप्रमाणे, अंगावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून पाहत आणि त्यांतले ११ दुखले तर हे नाव देत. २०१० च्या निकषांपासून बिंदू मोजण्यापेक्षा दुखणे किती भागांत पसरले आहे, झोप कशी आहे, थकवा किती आहे, विसरायला होते का, हे विचारतात. त्यांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली ती फार उपयोगी पडली. गणपतीच्या मांडवातल्या लाऊडस्पीकरचे बटण कोणीतरी शेवटपर्यंत पिळून ठेवावे, म्हणजे साधे खाकरणेसुद्धा गर्जनेसारखे ऐकू येते. तसे या आजारात मज्जासंस्थेचे होते. दुखणे खरे असते, पण तेवढ्या मापाची इजा आत झालेली नसते. सांधे झिजत नाहीत, स्नायू फाटत नाहीत. "म्हणून हालचालीला भिऊ नका," ते म्हणाले, "पण धसमुसळेपणाही करू नका, बटण आणखी वर जाईल."

मी अर्थातच आधी भ्याले आणि मग धसमुसळेपणा केला.

भ्याले तेव्हा दोन महिने जवळजवळ पडूनच काढले. अंग दुखते तर विश्रांती घ्यावी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ताप असेल, सांधा सुजून लाल झाला असेल, तर ते योग्यही आहे. पण महिनोन्महिने पडून राहण्याने स्नायू गळतात, जिना चढताना धाप लागू लागते, आणि पूर्वी जी कामे सहज होत ती डोंगराएवढी वाटतात. दोन महिन्यांनी उठले तेव्हा दुखणे होते तेवढेच होते आणि पायांतले बळ मात्र गेले होते.

मग आली रथसप्तमी. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला त्याचा संस्कार आपल्या मराठी घरांत खोल गेलेला आहे. माझे वडील तर नमस्कार घातल्याशिवाय चहा घेत नसत. मनात आले, आपण आळसावलो आहोत, दुसरे काही नाही. त्या दिवशी बारा नमस्कार घातले. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत असताना चौदा घातले. पाचव्या दिवशी मला अंथरुणावरून उठवायला यजमान आणि मुलगा असे दोघे लागले. नमस्कारांत दोष नाही. मनगटांवर सारा भार, कमरेतून वाकणे, पुन्हा ताठ उभे राहणे, हे निरोगी शरीराला उत्तम. माझ्या त्या वेळच्या शरीराला ते पहिल्या इयत्तेतल्या मुलाला मॅट्रिकचा पेपर दिल्यासारखे झाले.

यापेक्षाही वाईट खोड एक होती, आणि ती मला वाटते तुम्हा सर्वांच्या ओळखीची असेल. एखादा दिवस बरा उगवतो. अंग हलके वाटते. लगेच आपण पदर खोचतो! राहिलेली सारी कामे आठवतात. माळा झाडतो, गोधड्या धुतो, चकलीची भाजणी भाजतो आणि संध्याकाळी कोणाकडे तरी हळदीकुंकवालाही जाऊन येतो. मग तीन-चार दिवस आडवे. पुन्हा जरा बरे वाटले की पुन्हा पदर खोचायचा. एका दिवाळीत मी एका दिवसात सगळा फराळ उरकला आणि भाऊबीजेला भाऊ ओवाळून घ्यायला आला तेव्हा मला पाटापर्यंत जाता येईना. तो बिचारा माझ्या खाटेशी येऊन बसला. ती भाऊबीज मी विसरणार नाही.

ही खोड मोडायची कशी, तर आपले माप चांगल्या दिवसावरून घ्यायचे नाही, वाईट दिवसावरून घ्यायचे. मी आठवडाभर एका वहीत टिपून ठेवले, रोज किती मिनिटे चालले आणि नंतर, विशेषतः दुसऱ्या दिवशी, कसे वाटले. सगळ्यात वाईट दिवशीही चार मिनिटे चालता येत होते. मग ठरवले, रोज चार. लाज वाटण्याजोगाच आकडा! पण तो पाळायचा, बरे वाटले तरी चारच आणि वाईट दिवशीही चार. थांबायचे ते दुखते म्हणून नाही, घड्याळात वेळ झाली म्हणून.

यात जी मेख आहे ती अमेरिकेतल्या विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिली होती. जुनाट दुखण्याच्या रोग्यांवरील त्यांचे पुस्तक १९७६ साली निघाले. दुखेपर्यंत करायचे आणि दुखले की थांबायचे, असे केले तर शरीर एकच धडा शिकते: हालचाल म्हणजे दुखणे, आणि पडणे म्हणजे सुख. त्याऐवजी आधी ठरवलेला हप्ता पुरा करायचा आणि दुखणे चढण्यापूर्वी थांबायचे, म्हणजे ही जोडी सुटू लागते. मला हे वाचून आमच्या आजोबांचे वैद्यकीचे बोलणे आठवले. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे, आणि तेही बलवान व चांगले स्निग्ध अन्न खाणाऱ्या माणसांना, थंडीच्या व वसंताच्या दिवसांत. एरवी त्याहूनही मंद. अति करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असा दाखलाही त्याने दिला आहे. सिंहाची ती गत, तर माझ्यासारखीने किती करावे!

चारांची पाच मिनिटे केव्हा करायची? दोन आठवडे, त्यांतले वाईट दिवस धरून, चार मिनिटे पचली की एक मिनिट वाढवायचे. वाढवायची ती एकच गोष्ट, वेळ तरी किंवा वेग तरी. त्याच आठवड्यात चढाचा रस्ता धरायचा नाही. चारांची वीस मिनिटे व्हायला मला चौदा महिने लागले. मध्ये दुखण्याने दोनदा उचल खाल्ली, एकदा फ्ल्यूमुळे आणि एकदा घरच्या लग्नामुळे. अशा वेळी अगदी बंद करायचे नाही आणि पूर्वीच्या आकड्याला हट्टाने चिकटूनही राहायचे नाही. मी निम्म्यावर आले आणि पुन्हा चढत गेले.

"व्यायामाने दुखणारच ना?" असे काल एकीने मला विचारले. होय, थोडे दुखते. नव्या हालचालीने स्नायू एक-दोन दिवस भरून येतात, ते निरोग्यालाही होते. पण संधिवाताच्या रोग्यांना एक साधी परीक्षा सांगतात, ती ध्यानात ठेवावी: व्यायामानंतर दोन तासांनी दुखणे व्यायामापूर्वीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या वेळी कमी करायचे. बंद नव्हे, कमी. आणि करताना वाक्य पुरे बोलता आले पाहिजे. बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग उतरवावा.

चालण्याखेरीज मी जे करते ते सांगितले तर तुम्हाला फार किरकोळ वाटेल. सकाळी अंथरुणातच घोटे फिरवते, गुडघे एकेक पोटाशी घेते. आखडलेले अंग सुटायला अर्धा तास लागतो, तोवर कोणतेही काम अंगावर घेत नाही. ओट्याला धरून टाचा उचलते. भिंतीला तळहात लावून कोपरांत वाकते आणि परत येते. आणि सगळ्यांत गुणाचा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणे आणि बसणे. पहिल्यांदा हातांचा आधार घेऊन तीन वेळा, आता आधाराशिवाय आठ वेळा. याने मांड्यांत बळ येते, आणि मांड्यांत बळ असले की रिक्षात चढताना कोणाचा हात धरावा लागत नाही. कोमट पाण्यातला व्यायाम चांगला म्हणतात, परंतु आपल्याकडच्या तलावात पाणी गार. मी एकदा उतरले आणि आखडून वर आले. चीनमधल्या ताई-ची या संथ व्यायामप्रकाराचा फायब्रोमायल्जियाला उपयोग होतो असे अमेरिकेतल्या अभ्यासांत, २०१० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये, दिसून आले आहे. ते शिकवणारे इथे मिळाले नाही तर आपली हळूहळू केलेली, श्वास न कोंडता केलेली आसने आहेतच. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली या आजाराच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठामपणे करा असे त्यांनी एकाच उपायाबद्दल म्हटले, आणि तो उपाय व्यायाम. औषधांनाही तेवढा ठाम कौल मिळाला नाही.

आता घरकामाचा प्रश्न. "आम्ही दिवसभर राबतो, तोच व्यायाम" असे आपण म्हणतो. मला ते अर्धेच पटते. शरीराला शीण होतो म्हणून ते हिशेबात धरलेच पाहिजे. बारा माणसांच्या पोळ्या लाटल्या त्या दिवशी मी खांद्याचा व्यायाम करीत नाही. पण पोळ्या लाटणे हा एकाच अंगावर पुन्हा पुन्हा पडणारा भार आहे, त्याने सारे शरीर बळकट होत नाही. म्हणून मी कामेच तोडून घेतली. कणीक बसून मळते. भाजी सकाळीच चिरत नाही, आदल्या संध्याकाळी चिरून ठेवते. वीस मिनिटे काम झाले की दहा मिनिटे पाठ टेकायची, आणि त्या दहा मिनिटांत मोबाईल हातात घ्यायचा नाही, कारण तीसुद्धा विश्रांती नव्हे. सासूबाईंना हे सुरुवातीला नखरे वाटले. मी त्यांना वही दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ओट्याजवळ एक स्टूल आणून ठेवलेले होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायचे कबूल केले ती सांगते.

माझी धाकटी नणंद शाळेत शिक्षिका होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिला कोविड झाला. घरीच बरी झाली, ऑक्सिजन लागला नाही. पण थकवा काही जाईना. जून-जुलै झाले तरी वर्ग घेऊन झाल्यावर ती निजून राही. मी तेव्हा बरी झालेली, वीस मिनिटे चालणारी, आणि बऱ्या झालेल्या माणसाला उपदेशाची फार हौस असते! मी तिला माझी वही दाखवली आणि रोज तिच्या दारात जाऊन उभी राहू लागले. ती म्हणे, "वहिनी, आज नाही हो जमणार." मी म्हणे, "चल ग, घराबाहेर पडलीस की बरे वाटेल." आणि खरोखर चालताना तिला बरे वाटे. हसे, गप्पा मारी. मला वाटे, पाहा, मी म्हणत होते ना! पण एक-दोन दिवसांनी ती कोसळे. ताप आल्यासारखे अंग, घसा दुखणे, उजेड सहन न होणे, वाचलेले डोक्यात न शिरणे. मी म्हटले, सुरुवातीला होतेच असे, आणि आणखी एक मिनिट वाढवले. ऑगस्टच्या शेवटी तिला न्हाणीघरापर्यंत जाणे जड झाले.

भगिनींनो, थकवा म्हटला की तो सगळा एका जातीचा नसतो. विषाणूच्या आजारानंतर काहींना जो थकव्याचा आजार जडतो, ज्याला डॉक्टर एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, त्याची खूणच ही आहे की श्रमाचा परिणाम लगेच कळत नाही. बहुधा १२ ते ४८ तासांनी सारी लक्षणे उसळतात आणि दिवसचे दिवस, कधी आठवडे राहतात. श्रम शरीराचेच हवेत असेही नाही, डोक्याचे किंवा मनाचेही पुरतात. अशा रोग्यांनाही पूर्वी ठरलेल्या पायऱ्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देत असत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २००७ सालची मार्गदर्शिका तसेच सांगत होती. रोग्यांनी वर्षानुवर्षे तक्रार केली की आम्ही याने अधिक खचतो. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच संस्थेने नवी मार्गदर्शिका काढली आणि असा व्यायाम या रोग्यांना देऊ नये असे स्पष्ट लिहिले. शक्ती असेल तिच्या आत राहायचे, हाच तिथे नियम. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच संस्थेने जुनाट दुखण्याच्या रोग्यांना मात्र गटाने, देखरेखीखाली व्यायाम द्यावा असे सांगितले होते. एकाच वर्षात, एकाच संस्थेचे हे दोन निराळे सल्ले, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. माझी चूक एवढीच झाली की माझे औषध मी तिला पाजले.

तिचे डॉक्टर म्हणतात, केवळ तुमच्यामुळे झाले असे म्हणता येणार नाही. नसेल. पण "आज नाही जमणार" हे ती मला रोज सांगत होती, आणि मी ऐकत नव्हते. तिने २०२३ मध्ये नोकरी सोडली. आता ती दिवसातून दोन तास बसते, बाकी निजून असते. गेल्या वर्षापेक्षा थोडी बरी आहे. माझ्यावर रागावली नाही, त्याचेच मला जास्त लागते.

म्हणून तुमच्यापैकी जिला व्यायाम सुरू करायचा आहे तिने आधी स्वतःला हा प्रश्न विचारावा: श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी नुसती दुखते, की आजारी पडते? आजारी पडत असाल तर वाढवण्याचा विचार सोडा आणि हा आजार जाणणारा डॉक्टर गाठा. थकव्याची साधी कारणेही आधी पाहून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. थायरॉइड, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या काही अवघड नाहीत. आणि छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकाच पायाची पोटरी सुजणे, पाय बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काही झाले तर वही-घड्याळ बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

अध्यक्षीणबाईंशी माझे बोलणे झाले आहे. पुढच्या मंगळवारपासून दुपारी साडेचार वाजता, याच सभागृहात, ज्यांना दुखण्याचा त्रास आहे अशांसाठी वर्ग सुरू करावा असा विचार आहे. फिजिओथेरपी शिकलेल्या एक बाई पहिले दोन महिने यायला तयार आहेत. पहिल्या दिवशी दहा मिनिटेच. कोणी मध्येच बसली तर तिला कारण विचारायचे नाही, आणि "आज नाही जमणार" म्हणाली तर तिच्या दारात जाऊन उभे राहायचे नाही, या दोन अटी माझ्या आहेत. नणंदेला मी या वर्गाला बोलावलेले नाही. तिच्याकडे गुरुवारी नुसती जाऊन बसते.

खुर्च्या बिनचाकाच्या आणि पक्क्या पाठीच्या हव्यात. सभागृहात तशा चौदा आहेत, मी मोजल्या. त्या मांडायला मात्र तुमच्यापैकी दोघीजणी लागतील. ते काम मला झेपत नाही.